कडेवरच्या पोराचं तिकीट

४ मे, शनिवार

हर्षद, बाबा, तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत बसून बसून कमान झालीय, पण तेल लावून देते म्हटलं की पळतोस. इरा, माझे बाय, दाताचा ताप उतरला का? तेजलबेन, तुमची साखर काय म्हणते? फिलोमिना, गोराईहून मासळीची पाटी घेऊन येतेस, आमचे जिने चढतेस, गुडघे आहेत ना जागेवर? गावी बाळा भावोजींचा दमा? आणि जिन्याखालच्या बोके, तुझी चारही पिल्लं नीट पितात ना? माझं म्हणाल तर कंबर आहे तशीच आहे. जीव बरा आहे.

मी सुरुवात अशीच करते. मला लिहिणं शाळेने शिकवलं नाही. लालबागच्या चाळीत वाण्याच्या पुडीचे कागद सरळ करून बोटाने अक्षरं लावली, आणि पहिल्यांदा लिहिली ती गावाला पत्रं. त्यामुळे सगळ्यांची खुशाली विचारल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. आता पत्र धाडायला कोण उरलंय? मग वहीलाच विचारते.

तर आजची बातमी. जेवताना हर्षद म्हणाला, "आई, आम्ही क्रूझवर चाललोय. चोवीस तारखेला. दोन रात्री."

"म्हणजे बोटीने? गावाला?"

"गावाला नाही गं. समुद्रात जायचं, फिरायचं, परत यायचं."

"उतरायचं कुठे?"

"कुठेच नाही. बोटीवरच सगळं आहे."

"उतरायचंच नाही तर चढायचं कशाला मेल्या?"

हसला. मी सुनेकडे बघितलं. गंधाली एका मांडीवर इराला धरून दुसऱ्या हाताने वरणभात खात होती. तिने मान वर केली नाही. म्हणजे ही टूम तिचीच. हर्षदला तर एस्टीत पनवेल यायच्या आत लिंबू लागतं, तो कशाला बोटीच्या वाटेला जाईल?

"आणि इरा?" मी विचारलं.

"इरा पण येणार."

सात महिन्यांचं पोर समुद्रात! आणि मला साधं "येतेस का" म्हणून कोणी विचारलं नाही. वर हर्षद म्हणतो, "तू घरी आराम कर." जशी काही मीच दमलेय.


७ मे, मंगळवार

आज हर्षदने लॅपटॉपवर बोट दाखवली. आमच्या दोन सोसायट्या एकावर एक ठेवल्या तरी उरेल एवढी. मग खर्च दाखवला. मी चष्मा काढून ठेवला. त्या पैशात गावच्या घराची सगळी कौलं बदलून वर पडवी झाली असती.

पण मला खरं लागलं ते पुढेच. म्हटलं, "इराचं काय? ती तर कडेवर." तर म्हणे तिचं वेगळं तिकीट. पाळण्याचे वेगळे. आणि बंदराचा कर पोरालाही मोठ्या माणसाएवढाच.

"तिने बंदराचं काय झिजवलं रे?"

"नियम आहे आई."

"अरे, रांगतसुद्धा नाही अजून! पाय तरी टेकणारे का तिचा बंदराला?"

"आई, प्लीज."

कोकणात जाता-येता जन्म गेला. कडेवरच्या पोराचं तिकीट काढलेलं मी बघितलं नाही. आमचा हर्षद तर एस्टीत तीन वर्षं पाच वर्षांचाच होता. उंच होता म्हणून गुडघे दुमडून बसवायचे आणि वर शाल टाकायचे. एकदा कंडक्टरने विचारलं, "काय रे, किती वर्षांचा?" तर हा म्हणतो, "आईला विचारा, मला रस्त्यात वेगळं असतं." कंडक्टर एवढा हसला की त्याने सोडून दिलं. गरिबाची अक्कल ती. चोरी नव्हे. सगळेच करायचे.

आणि ही आताची पोरं! समोरचा जेवढे मागेल तेवढे देतात, वर थँक्यू म्हणतात.

दुसरं एक लिहून ठेवते. गंधालीचं आंघोळीला जाणं. पाणी तासभर येतं, आणि त्यातला अर्धा तास हिचा नळ धो धो चालू. काल मी दारावर थाप मारली, "गंधाली, बादली भरून वाहत असेल गं." नळ बंद झाला. बाहेर आली तर केस कोरडे! अर्धा तास पाणी सोडून ही करते काय आत? विचारलं तर म्हणते, "काही नाही आई. बरी आहे."


११ मे, शनिवार

गावाहून बाळा भावोजींचा फोन. बातमी पोचली होती.

"वैनी, तान्ह्या पोराक घेवन बोटीत? डोक्यार पडलो की काय तुझो झील?"

"माझं ऐकतंय कोण भावोजी."

"ऐकणत नाय तर निदान नारळ दी त्यांच्यासोबत. पोर पयल्यांदा दर्यार जाता, दर्याक नारळ दिल्याशिवाय जावचा नाय. सांगून ठेवतंय."

संध्याकाळी मार्केटात जाऊन पाणीदार नारळ बघून आणला, शेंडी ठेवून. हर्षद म्हणतो बोटीवर नारळ नेऊ देणार नाहीत, तपासणीत काढून घेतील. म्हटलं, "मग समुद्राला काय, तुझ्या लॅपटॉपमधून पाठवणार?"

नारळ देवाजवळ ठेवलाय. बघते मी.

दुपारी इरा रडायला लागली. मी फिरवलं, थोपटलं, जमेना. मग नेऊन आईजवळ दिली. गंधाली नुकतीच आडवी झाली होती. पण लेकराला आईचाच वास लागतो, त्याला मी काय करू? उठून बसली बिचारी आणि इराकडे बघत राहिली. घ्यायला हात पुढे व्हायला जरा वेळच लागला. मी म्हटलं, "अगं, आमच्या वेळी तर बाराव्याला बारसं आटोपलं की तेराव्या दिवशी आम्ही नळावर. झोप कसली नि काय कसलं." आजकालच्या मुली बोलतच नाहीत, त्याने जास्त त्रास होतो. भांडली तर निदान कळेल तरी.


१४ मे, मंगळवार

आज एक काम फत्ते केलं. लिहिताना हसू येतंय.

दुपारी माझ्या मोबाईलवर फोन. बोटवाल्यांच्या ऑफिसातून. हर्षद उचलत नव्हता म्हणून दुसरा नंबर लावला म्हणे. गोड आवाजाची पोर.

"आजी, तुमच्या फॉर्मवर बाळाच्या जन्मतारखेची जागा रिकामी राहिलीय. बाळाचं वय काय?"

'वय' म्हटलं आणि माझ्या डोक्यात एस्टीची घंटा वाजली. आधी शेजारी इराकडे बघितलं. ती पायाचा अंगठा चोखत पडली होती. हे एवढंसं आहे, कोण म्हणेल साडेसात महिन्यांची?

म्हटलं, "पाच. पाचवा नुकता पुरा झाला."

"पाच महिने? नक्की ना आजी?"

"नक्की म्हणजे? मी आजी आहे तिची. अंगावर पिते अजून. तिला खुर्ची नको, ताट नको, पाळणा नको. कडेवर बसून जाईल."

"म्हणजे सहाच्या खाली. ठीक आहे, मी तसं टाकते सिस्टिममध्ये. मेल येईल सरांना."

"टाक गं बाय. आणि बंदराचं तेवढं बघ, पोराला कसला कर?"

"ते मग लागणारच नाही आजी," ती म्हणाली.

ऐकलंत? लागणारच नाही! शिकलेल्या पोराला जे दहा दिवसांत जमलं नाही ते मी एका फोनात केलं. हर्षदला सांगणार नाहीये. हिशेब येईल तेव्हा कळेल त्याला, म्हातारी काय चीज आहे.


१५ मे, बुधवार

राहवलं नाही, शेजारच्या तेजलबेनला सांगितलं. ती पापडाचं पीठ मळत होती. म्हणाली, "जानकीबेन, तुम्ही आमच्या धंद्यात पाहिजे होता." दोघी हसलो. इराला मांडीवर घेऊन म्हणाली, "पाच महिनानी दांत काढला बघा!" खरंच की. खालचा एक दात वर आलाय. म्हटलं, तोंड मिटून ने म्हणावं बोटीवर.


२२ मे, बुधवार

देवा, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

बोटीचे कागद सकाळपर्यंत यायचे होते, ते आले नाहीत. हर्षदने ऑफिसात जायच्या आधी फोन लावला. मी चहा गाळत होते. तो आधी हळू बोलत होता, मग चढत गेला.

"कॅन्सल? कोणी केलं कॅन्सल? … काय मेल? … अहो, कोण सहा महिन्यांच्या खाली? कोणाची मुलगी?"

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

ऐकत ऐकत कळलं ते असं. सहा महिन्यांच्या आतलं पोर ते बोटीवर घेतच नाहीत. पैसे देऊनसुद्धा नाही. डॉक्टर लांब, समुद्र मध्ये, म्हणून. पाच महिने म्हणून नोंद झाली तशी आमची खोली त्यांनी सोडून दिली. मेल आला होता, पण तो हर्षदच्या जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडलेला. ती खोली दुसऱ्या कुणाला दिली. पैसे रोख मिळणार नाहीत, पुढच्या कुठल्या तरी फेरीला वापरा. आणि पुढच्या फेरीत जागा आहे ती जूनच्या मध्यात. गंधाली तीन जूनला कामावर रुजू होतेय. सुट्टी आधीच वाढवून वाढवून, बिनपगारी करून संपवलीय. आता तिला वर्षभर कोण सोडणार?

हर्षद ओरडत होता, "तुमच्या त्या मुलीने काहीही टाकलंय! नाव सांगा तिचं. मी लेखी तक्रार करतो. अशा लोकांना ठेवता कशाला कामावर?"

गोड आवाजाची पोर ती. मला आजी म्हणाली होती.

मी म्हटलं, "हर्षद, फोन ठेव. त्या पोरीची चूक नाही."

"आई, तू थांब गं."

"मीच सांगितलं पाच."

फोन त्याच्या कानालाच होता. पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं.

"का?" एवढंच विचारलं त्याने.

काय सांगू? तिकीट वाचवायला. ज्याला शालीखाली लपवून मुंबई ते देवगड नेला त्याला काय सांगायचं? तोच मग घरभर फेऱ्या मारत सुटला. "हे एस्टी आहे का आई? प्रत्येक ठिकाणी आपली तीच अक्कल? कोणी विचारलं होतं तुला?" बोलला, बोलला. बोलू दे. त्याचं मला फारसं लागलं नाही.

लागलं ते गंधालीचं. ती दारात उभी होती, इरा खांद्यावर. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. तिने विचारलं, "पाच महिने सांगितलंत?"

"हो गं. चुकले मी."

"आई, तुम्ही माझी अडीच महिन्यांची जागरणं खोडूनच टाकलीत." आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

मग इराला माझ्याकडे देऊन आत गेली. मी कान देऊन होते. आज नळाचा आवाज आला नाही. पाण्याची वेळ असूनही नाही. बराच वेळ काहीच आवाज आला नाही, आणि मला पहिल्यांदा वाटलं की नळ सोडला असता तर बरं.

जागरणं खोडली म्हणजे काय, ते नीटसं कळलं नाही मला. पण डोक्यातून जात नाही.


२४ मे, शुक्रवार

आज संध्याकाळी बोट सुटली असेल.

बॅग दोन दिवस हॉलमध्ये तशीच भरलेली. येता-जाता ठेच लागते. हर्षद बघत नाही, गंधाली बघत नाही. शेवटी मीच उघडली, कपडे कपाटात लावायला.

इराचं सामान किती ते! लंगोट, दुपटी, नाचणीचं सत्त्व, औषधं, खुळखुळे. हर्षदचे दोन नवे शर्ट, उलटीच्या गोळ्या. गंधालीचं म्हणाल तर नवं काही नाही. दोन जुने गाऊन. एक उशीचा अभ्रा. डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी, आणि डबीत कानात घालायची मऊ बोंडं.

मी ती बोंडं हातात घेऊन बसले. एवढा पैसा ओतून बोटीवर जायचं आणि डोळे-कान बंद करायचे? मग समुद्र बघायचा कधी? या मुलीचं मला काही कळतच नाही.

पट्टी आणि डबी तिच्या उशीखाली ठेवली. हरवायला नको.


२७ मे, सोमवार

घरात तीन माणसं आणि आवाज फक्त इराचा. हर्षद मला कामापुरतं विचारतो. "आई, चावी?" "आई, दूधवाला?" गंधाली तर माझ्याशी नेहमीसारखीच वागते, आणि त्याचाच मला जास्त वैताग आलाय. अगं, दोन शब्द घाल, शिव्या दे. माझं पित्त तरी उतरेल.

फिलोमिना बोंबील घेऊन आली. तिच्यापाशी मन मोकळं केलं. पाटी टेकवून पायरीवर बसली, सगळं ऐकून घेतलं.

"काय गो बाय," म्हणाली, "सुनेला पान्यावरनं न्यायचंय ना? मग आमची खाडी काय सुकली काय? माझे घरची मागची खोली मोकळी हाय. सून नि नात घेऊन ये, ऱ्हा एक रात. मासली माझी, तांदूल तुजा."

"गोराईला? अगं, तिला मोठ्या बोटीत बसायचं होतं."

"मोठे बोटीत काय करनार व्हती?"

डोळ्यांवर बांधायची पट्टी आठवली, पण ते कसं सांगायचं?

गंधालीला विचारलं. वाटलं नको म्हणेल. ती म्हणाली, "मागच्या खोलीला दार आहे का?"

म्हटलं, "खोलीला दार नसायला काय झालं?"

"मग चला."


३० मे, गुरुवार

काल परत आलो. कंबर धरलीय, हात दुखतायत, तरी लिहून काढते.

मंगळवारी सकाळी मी, गंधाली आणि इरा रिक्षाने खाडीच्या धक्क्यावर गेलो. हर्षद ऑफिसला. पिशवीत नारळ. तिकिटाच्या खिडकीशी मी म्हटलं, "तीन द्या."

त्याने वाकून बघितलं. "आजी, दोन. कडेवरच्या पोराचं नसतं."

"द्या तुम्ही. साडेसात महिन्यांची आहे. आठवा पुरा होईल आता. दात आलाय एक, बघायचाय?"

"अहो, पण लागत नाही."

"लागत नाही ते मलाही ठाऊक आहे. तीनच फाडा."

मागची माणसं खोळंबली. एक कॉलेजातला म्हणाला, "दे ना यार तीन, आजी ऐकणार नाय." त्याने तीन फाडली. मी गंधालीकडे बघितलं नाही, पण ती ऐकत होती. तिसरं तिकीट तिने माझ्या हातातून घेतलं आणि इराच्या मुठीत दिलं. इराने ते लगेच तोंडात घातलं.

बोट लहानच. सायकली, भाजीच्या गोणी, दोन शाळकरी पोरं. अर्ध्यावर आल्यावर मी नारळ काढला. गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं असतं, पण आमच्या घरचा पुरुष लॅपटॉपसमोर बसलेला. म्हणून मीच कडेला जाऊन उभी राहिले. आवाज मोठाच काढला, देवाला ऐकू गेलं पाहिजे.

"बा देवा दर्या म्हाराजा! ह्या लेकरू पयल्यांदा तुझ्या पाण्यार इला हा, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात दर वेळी बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. इथे म्हणणार कोण? तर मागून सायकलवाल्या गड्याने खणखणीत दिलं, "होय म्हाराजा!" कणकवलीचा निघाला तो.

मग मला जोर आला. "म्हातारेन जीभ लांब केल्यान, तेची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

आता शाळकरी पोरंही ओरडली, "होय म्हाराजा!"

"लेकराच्या बापाचो राग पाण्यात बुडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पुढे काय मागायचं ते ठरवलेलं नव्हतं. नजर गंधालीवर गेली. ऊन थेट तोंडावर होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शाईचं बोट फिरवल्यासारखी. रोज त्या घरात तिला बघते मी, आणि तरी कधी दिसली नव्हती. तोंडातून निघालं, "आणि हिका, लेकराच्या आवशीक, झोप लागां दे रे म्हाराजा!"

सगळी बोट ओरडली. भाजीवाली, तिकीटवाला, सगळे. "होय म्हाराजा!"

नारळ पाण्यात सोडला आणि वळून बघते तर गंधाली हसतेय. हसता हसता ओढणी तोंडावर घेतली. खांदे हलत होते. बराच वेळ हलत होते. मी शेजारी जाऊन बसले.

मग ती बोलली. पाण्याकडे बघूनच. "आई, त्या बोटीवर बाळं सांभाळायची एक खोली आहे. फोटोत बघितली होती मी. तीन तास ठेवता येतं बाळाला. तिथल्या मुली आपल्याला ओळखत नाहीत. मध्येच आणून देत नाहीत. तिला आईच हवी, असं म्हणत नाहीत."

"आणि तू काय करणार होतीस त्या तीन तासांत?"

"झोपणार होते."

"अगं, एवढ्यासाठी एवढे पैसे? मी बसलेय ना घरात!"

"हो ना," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट उत्तर दिलं असतं.

फिलोमिनाच्या मागच्या खोलीला दार होतं. गंधालीने इराला पाजलं, माझ्याकडे दिलं, दार लावलं. कडी लावल्याचा आवाज आला. मी पडवीत बसले. पहिला तास बरा गेला. दुसऱ्याला इराने जो सूर लावला! नाचणी भरवली, थुंकली. कोंबड्या दाखवल्या, बघेना. खांद्यावर, मांडीवर, पालथी, उताणी. मी उठले आणि सवयीने दाराशी गेले. हात दारावर थापणार, तेवढ्यात फिलोमिनाने पदर धरून मागे ओढलं.

"कई चालली?"

"अगं, आई हवीय तिला."

"आई मेलीय, समज. मग काय करशील?"

"शुभ बोल गं!"

"मग फिरव गप."

फिरवलं. नारळीच्या झावळ्यांखालून विहिरीपर्यंत, विहिरीपासून क्रुसापर्यंत, क्रुसापासून परत. हाताला मुंग्या आल्या, कंबर तुटली, घशाला कोरड पडली. तोंडातल्या ओव्या संपल्या तेव्हा एस्टीच्या थांब्यांची नावं म्हटली, पेण, वडखळ, माणगाव, महाड. महाडला पोर झोपली. पण खांद्यावरून काढली की जागी! बसायची सोय नाही. मला रडूच येईल असं झालं. वैतागून मनात म्हटलं, ही रोज अशीच असते की काय?

आणि मग तिथेच विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहिले थोडा वेळ.

गंधाली संध्याकाळी उठली. गालावर उशीची नक्षी उमटलेली. पाजलं, भाकरी आणि सुरमईचा तुकडा खाल्ला, दोन्ही हातांनी, आणि पुन्हा आत गेली. फिलोमिना म्हणाली, "सून बघायला आनली का झोपायला?" मी म्हटलं, "झोपायलाच."


२ जून, रविवार

उद्या गंधाली कामावर जाणार. पाळणाघराचं ठरवत होते दोघं, मी म्हटलं अर्धा दिवस माझा. हर्षद अजून फुगलेलाच आहे. ते बोटीचे अडकलेले पैसे आठवले की दर दिवसाआड एकदा फुगतो. फुगू दे. त्याला मी सांगितलं, उद्यापासून पहिलं रडणं तुझं, आधी उठायचं तू, मग मी, मग ती. म्हणाला, "आई, मला सकाळी मीटिंग असते." म्हटलं, "तिला पण."

तेवढं जमेल का, ठाऊक नाही. जित्याची खोड. काल दुपारीसुद्धा इरा रडली तशी माझे पाय गंधालीच्या खोलीकडेच वळले होते.

आज वही पहिल्यापासून चाळली. हे पान फाडणार आहे. उद्या तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवायचंय.

चि. गंधाली हिस अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? डोकं दुखतं ते कुठल्या बाजूला? केस गळतात ते मोरीत मी रोज बघते, बोलले नाही. पाठीला रग लागते का? जेवण गार होऊन जातं तेव्हा ते तसंच खातेस की टाकून देतेस? नळ सोडून बसतेस तेव्हा आत काय होतं? डॉक्टरकडे जावंसं वाटतं का? वाटत असेल तर मी येते. नको असेन तर बाहेरच्या बाकड्यावर बसेन.

इरा बरी आहे. हर्षद बरा आहे. फिलोमिनाचे गुडघे, तेजलबेनची साखर, भावोजींचा दमा, सगळं ठीक. बोकीची पिल्लंसुद्धा बरी आहेत. या वहीच्या पहिल्या पानावर मी त्या सगळ्यांची विचारपूस केली होती. तुझी राहिली. घरातल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं असेल. काय वाटलं असेल कोण जाणे.

डब्यात बोंबील आहेत, ऑफिसात वास आला तर माझं नाव सांग.

उत्तर लिहून दे. तोंडी नको, तोंडी तू "बरी आहे" म्हणतेस. चिटोऱ्यावर चार ओळी चालतील, अक्षर कसं का असेना. डब्यात परत पाठव, आणि लवकर पाठव. मी वाट बघतेय.

तुझी,
आई